आवाज तोच, पाटी वेगळी

४ नोव्हेंबर २०२०. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी चालूच होती आणि तिकडे फ्लोरिडात डोनाल्ड ट्रम्प यांच्या धर्मविषयक सल्लागार पॉला व्हाइट व्यासपीठावर येरझाऱ्या घालत प्रार्थना करत होत्या. ‘मला विजयाचा नाद ऐकू येतोय’ हे वाक्य त्या ठेका धरून म्हणत राहिल्या. आफ्रिकेतून देवदूत निघालेत, असंही म्हणाल्या. इंटरनेटवर लोकांनी त्याची गाणी केली, पोट धरून हसले. त्यांच्यामागे मनापासून ‘आमेन’ म्हणणाऱ्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एकाच आवाजाचे दोन कानांवर इतके वेगळे परिणाम कसे होतात?

डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातले उफे श्योट आणि सहकाऱ्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यांनी काही भाविक करिश्माई ख्रिश्चन (पवित्र आत्म्याच्या शक्तीवर आणि प्रार्थनेनं आजार बरे होण्यावर विश्वास ठेवणारे) आणि काही अश्रद्ध माणसं एमआरआय यंत्रात झोपवली आणि त्यांना ध्वनिमुद्रित प्रार्थना ऐकवल्या. आधी सांगितलं, यातला एक आवाज ख्रिश्चन नसलेल्याचा, एक साध्या ख्रिश्चनाचा आणि एक प्रार्थनेनं आजार बरे करणाऱ्याचा. ही चक्क थाप होती! तिन्ही आवाज साध्या ख्रिश्चनांचेच होते.

‘आजार बरे करणारा’ बोलू लागला की भाविकांच्या मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल मंदावे. हा आपल्या डोक्यातला हिशेबनीस; ऐकलेलं पडताळून पाहणं, शंका काढणं ही त्याची कामं. ज्यांच्यात तो जास्त गप्प झाला, त्यांनी पुढे त्या वक्त्याला जास्त प्रभावी ठरवलं आणि प्रार्थनेत देव जवळ असल्याचंही जास्त जाणवलं. अश्रद्धांच्या मेंदूला तिन्ही आवाज सारखेच. म्हणजे जादू गळ्यात कमी आणि गळ्यात अडकवलेल्या पाटीत जास्त.

संशोधकांचा अंदाज असा, की विश्वासातला माणूस बोलतो तेव्हा मेंदू पडताळणीचं काम त्याच्यावरच सोपवतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अक्षर न लागताही आपण गोळी घेतो, त्यातलाच प्रकार. यंत्रानं मोजलेले बदल मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे होते, मतं नव्हेत. त्यामुळे यावरून थेट निवडणुकीचा निकाल काढू नये.

जाता जाता: या करिश्माई पंथाचा इतिहास सांगताना १९०६ सालच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रार्थनासभांचं नाव हमखास येतं. पण त्याच्या आदल्या वर्षीच, १९०५ साली, पुण्याजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या मुली रडत, मोठमोठ्यानं एकत्र प्रार्थना करत होत्या.

तेव्हा राजकारण जवळपास नव्हतंच. अमेरिकेत ते गर्भपात आणि समलिंगी विवाह या प्रश्नांवरून चर्चमध्ये ठाण मांडून बसलं. १९८८ साली टीव्हीवरचे प्रार्थनाकार पॅट रॉबर्टसन रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरले आणि आयोवा राज्यात तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनाही मागे टाकून दुसरे आले. २०१७ साली व्हाइट यांनी ट्रम्प यांच्या शपथविधीत प्रार्थना केली.

गप्प बसलेल्या हिशेबनिसाला स्वतःचा पक्ष मात्र नसतो. ब्राझीलच्या युनिव्हर्सल चर्चचे संस्थापक एदीर मासेदो यांनी २०१८ सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उजव्या बोल्सोनारोंना पाठिंबा दिला. हेच चर्च २००२ साली डाव्या लुलांच्या बाजूनं उभं होतं.