लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर: आधी मागचं चाक बघा

माझ्या गॅरेजात दोन छोटे ट्रॅक्टर उभे असतात. लांबून बघितलं तर सख्खे भाऊ: पुढे बॉनेट, मध्ये सीट, मागे मोठी चाकं, पोटाखाली गवत कापायचं डेक. पहिला मी गार्डन ट्रॅक्टर समजून घेतला आणि तो निघाला लॉन ट्रॅक्टर. दुसरा घेतला तेव्हा फरक कळलेला होता, पण तो कळेपर्यंत एक गिअरबॉक्स खर्ची पडला होता.

जुना ट्रॅक्टर घ्यायचा, पार खोलायचा आणि परत उभा करायचा, हा नाद अमेरिकेच्या मिडवेस्टात बऱ्याच जणांना आहे. आम्ही ओहायोत राहायला आलो आणि मलाही तो लागला. लहानपणी वडिलांच्या स्कूटरचे पॉइंट (प्लगला ठिणगी मिळवून देणारे छोटे संपर्क) पॉलिश पेपरने घासलेला माणूस मी, एका सिलिंडरचं इंजिन दिसलं की हात शिवशिवतात. या नादात नवा शिरलेला माणूस मात्र हमखास इंजिनाकडे बघतो. किल्ली फिरवली, भटभट सुरू झालं, चला, द्या पैसे. मीही तेच केलं.

गोंधळाचं मूळ शब्दातच आहे. आपण शाळेत शिकलो ते गार्डन म्हणजे बाग: फुलझाडं, हिरवळ, संध्याकाळी मुलांना न्यायची जागा. अमेरिकेत घराभोवतीची हिरवळ म्हणजे लॉन किंवा यार्ड, आणि गार्डन म्हणजे बहुतेक वेळा परसातला भाजीचा तुकडा. मका, टोमॅटो, घेवडा लावायचा, म्हणजे दरवर्षी माती उकरायची. म्हणून गार्डन ट्रॅक्टर हा मातीत लोखंड घालून ओढणारा ट्रॅक्टर, आणि लॉन ट्रॅक्टर मातीच्या वरवर फिरून गवत कापणारा. (नाशिक-सांगलीकडच्या वाचकांनी द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर डोळ्यासमोर आणू नये. महिंद्राचा युवराज २१५ घेतला तरी तो १५ एचपीचा डिझेल शेती-ट्रॅक्टर आहे. इथली जुनी यंत्रं पेट्रोलची आणि त्याच्या निम्म्या ताकदीपासून सुरू होणारी.)

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे शहराबाहेर घरं झाली, प्रत्येकाभोवती अर्धा एकर, एक एकर, दोन एकर. शेताच्या ट्रॅक्टरला ही जागा लहान आणि हाताने ढकलायच्या यंत्राला मोठी. इंडियानातल्या साउथ बेंडला एल्मर पाँड आणि त्यांचा मुलगा सेसिल यांनी १९४६ मध्ये धंदा सुरू केला, त्यातून लाल रंगाचे व्हील हॉर्स आले. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यातून कब कॅडेट आणला. ७ एचपीचं कोलर कंपनीचं इंजिन, आणि मागच्या गिअरबॉक्समध्ये कंपनीच्याच फार्मॉल कब या खऱ्या शेती-ट्रॅक्टरचे भाग. जॉन डियरचा ११० हा १९६३ चा, विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनचा. तिघांच्याही कर्त्यांनी मनात शेतीचाच ट्रॅक्टर धरला आणि तो आकाराने लहान केला. लॉन ट्रॅक्टरची वंशावळ उलटी आहे. तिथे गवत कापायच्या यंत्राला चाकं, सीट आणि बॉनेट लावून ट्रॅक्टरचं रूप दिलं. रूप मात्र इतकं जमलं की आज सत्तरीतला जाणता शेजारीसुद्धा दोन्हींना "रायडिंग मोअर" म्हणून मोकळा होतो.

आता मागे जाऊन खाली बसा, टॉर्च घेऊन. मागचं चाक पाच बोल्टांनी हबला बसवलेलं आहे का? मोटारीच्या चाकासारखं? मग तो बहुधा गार्डन ट्रॅक्टर. चाकाच्या मधोमध प्लॅस्टिकची टोपी आहे, ती नखाने उचकटल्यावर आत वॉशर आणि चिमट्यासारखी क्लिप दिसते, आणि चाक नुसतं अ‍ॅक्सलवर सरकवून चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीने) अडवलेलं आहे? तो लॉन ट्रॅक्टर. टायरवरचे आकडेही वाचा. जुन्या कब कॅडेट किंवा व्हील हॉर्सवर सहसा २३ × ८.५०-१२ असतं, म्हणजे रिम बारा इंची. लॉन ट्रॅक्टरवर २० × ८-८, रिम आठ इंची.

अ‍ॅक्सलची जाडी हातानेही कळते. लॉन ट्रॅक्टरची पाऊण इंच, गार्डन ट्रॅक्टरची एक इंच किंवा त्याहून एक-अष्टमांश जास्त. पाव इंचाने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. पण दांड्याची पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाने वाढते. पोलाद तेच धरलं तर एक इंची अ‍ॅक्सल पाऊण इंचीच्या सुमारे २.४ पट सोसतो, आणि एक-अष्टमांश इंच जास्तीचा तो जवळजवळ ३.४ पट. नांगराचा फाळ ढेकळात अडकतो आणि चाक तरीही फिरू बघतं, त्या क्षणी सगळा हिशोब याच पाव इंचावर येतो.

माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचा हिशोब तिथेच चुकला. मेच्या सुरुवातीला मागच्या पिनेला छोटा कल्टिव्हेटर अडकवला आणि भाजीच्या वाफ्यात घातला. दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीला मागून टक्-टक्, मग टक्-टक्-टक्, मग इंजिन चालू आणि ट्रॅक्टर जागच्या जागी. रात्री गिअरबॉक्स खोलला. अ‍ॅल्युमिनियमची दोन शकलं, काजूच्या टरफलासारखी एकमेकांवर बसवलेली. आत तेल नव्हतंच, ग्रीस भरलेलं होतं. बोटावर घेतलं तर करडं, आणि दिव्याखाली धरलं तर चांदीचा वर्ख मिसळल्यासारखं चमकणारं. तो वर्ख म्हणजे माझ्या गिअरचे दात. ट्रॅक्टर वाईट नव्हता. गवत कापायला केलेल्या यंत्राला मी औताला जुंपलं होतं.

आता दुसऱ्याचं बघा, तो साठच्या दशकातला कब कॅडेट. मागचा गिअरबॉक्स ओतीव लोखंडाचा, खाली तेल काढायचा प्लग. पाना लावून तो ढिला केला तर आतून दुधाळ चहा आला. वर्षानुवर्षं बाहेर पावसात उभा, गिअर लिव्हरच्या बुटातून पाणी आत गेलेलं. घाबरलो होतो, पण गाळ धुऊन काढला, ऑइल सील बदलले, कंपनीचं हाय-ट्रान तेल भरलं, आणि गिअर आजही लोण्यासारखे पडतात. खोलून नीट करता येईल या विचाराने बनवलेली वस्तू आणि संपेल तेव्हा बदलायची वस्तू यांतला फरक मला त्या दोन रात्रींनी शिकवला.

बॉनेट उचलल्यावर आणखी एक खूण दिसते. लॉन ट्रॅक्टरच्या इंजिनावरची गोल जाळी आभाळाकडे तोंड करून असते, कारण क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) उभा असतो आणि खालून पट्टा थेट डेकला नि चाकांना जातो. साठ-सत्तरच्या दशकातल्या गार्डन ट्रॅक्टरमध्ये क्रँकशाफ्ट आडवा, त्यामुळे जाळी बाजूला किंवा पुढे-मागे बघते. नंतरच्या काळात उभ्या क्रँकशाफ्टचे गार्डन ट्रॅक्टरही आले, म्हणून ही खूण एकटी धरू नये.

पट्ट्याची खूण तर मुळीच धरू नका. "पट्टा असेल तर लॉन ट्रॅक्टर, शाफ्ट असेल तर गार्डन ट्रॅक्टर" असं छातीठोक सांगणारे भेटतात. नंतरच्या कब कॅडेटमध्ये इंजिनापासून मागे पोलादी शाफ्ट जातो हे खरं. पण अगदी पहिल्या कब कॅडेटला पट्टाच होता, व्हील हॉर्सला पट्टा आहे, जॉन डियर ११० लाही आहे, आणि तिघांनी आयुष्यभर नांगर ओढले.

नावावर जाणं त्याहून धोक्याचं. कब कॅडेट हे नाव १९८१ मध्ये एमटीडी या कंपनीकडे गेलं, व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरो कंपनीकडे. आज तेच कब कॅडेट नाव मोठ्या दुकानांच्या दारात ओळीने लावलेल्या लॉन ट्रॅक्टरांवर दिसतं. जॉन डियरचा हिरवा-पिवळा रंग आणि उडतं हरीणही तसंच. सियर्स या दुकानांनी विकलेल्या जुन्या क्राफ्ट्समन ट्रॅक्टरांवर निदान अक्षरं असतात: एलटी म्हणजे लॉन, वायटी म्हणजे यार्ड (मधलं भावंड), जीटी म्हणजे गार्डन. पण जुना ट्रॅक्टर विकायची जाहिरात लिहिणारा ती अक्षरं बघत नाही. त्याच्या आजोबांनी "गार्डन ट्रॅक्टर" म्हटलं होतं म्हणून तोही म्हणतो. आणखी मागे गेलात तर हाताने धरून चालवायच्या दोन चाकांच्या यंत्रांनाही, वेस्ट व्हर्जिनियाच्या ग्रेव्हलीसारख्या, गार्डन ट्रॅक्टरच म्हणत. ती वेगळीच जात.

हौशी माणसाला खरा फरक इंजिनात सापडतो. जुन्या गार्डन ट्रॅक्टरांत फार ठिकाणी कोलरची के मालिका भेटते: के-१६१, के-१८१, १० एचपीचं के-२४१, १२ चं के-३०१, १४ चं के-३२१, १६ चं के-३४१. एकच सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, व्हॉल्व्ह बाजूला. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) झिजला तर मशिन शॉपमध्ये नेऊन दहा, वीस, शेवटी तीस थाउ (इंचाचा हजारावा भाग) मोठा करून घ्यायचा, त्या मापाचा पिस्टन आणि रिंग घालायच्या. म्हणजे एका ब्लॉकला तीन पुनर्जन्म. लॉन ट्रॅक्टरच्या इंजिनात ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा. काहींत आत लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, असतो, पुष्कळांत नसतो. तिथे बोअर गेला की बहुतेक जण हिशोब करतात आणि दुसरं इंजिन बसवतात. त्यात गैर काही नाही, पण तो बदल झाला, डागडुजीचा आनंद त्यात नाही.

के मालिका खोलताना एक गोष्ट नक्की बघा. के-२४१ पासून वरच्या अनेक इंजिनांत कंप कमी करायला आत दोन बॅलन्स गिअर बसवलेले असतात. त्यांची बेअरिंग गेली की गिअर सुटून आतूनच ब्लॉक फोडतो, आणि मग तीन पुनर्जन्म राहिले बाजूला. म्हणून पुष्कळ जण इंजिन खोललंच आहे तर ते गिअर काढून ठेवतात. माझेही एका डब्यात आहेत. थोडा जास्त थरथरतो, थरथरू दे.

पॉइंटची गंमत वेगळी. कोलरचं अंतर वीस थाउ. फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) घालून, ओढताना किंचित धरल्यासारखं वाटेल इतकं. पहिल्यांदा ते केलं तेव्हा स्कूटरच्या दिवसांतला पेट्रोलचा वास थेट नाकात आला. जुन्या यंत्रांत स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो, पट्ट्याने फिरणारा. सुरू करताना तो इंजिन फिरवतो, सुरू झाल्यावर इंजिन त्याला फिरवतं. वायरिंग नवीन केल्यावर मात्र त्याला ध्रुव शिकवावे लागतात. रेग्युलेटरवरचं बॅटरीचं आणि जनरेटरचं टर्मिनल एका वायरने क्षणभर जोडायचं, बारीक ठिणगी उडाली की झालं. हे न केल्यामुळे चांगला जनरेटर "गेला" म्हणून फेकून देणारे आहेत.

रंगाबद्दल थोडक्यात: गंज काढायला मी वॉशिंग सोड्याचं पाणी, लोखंडाचा एक टाकाऊ तुकडा आणि बॅटरी चार्जर वापरतो. ऋण टोक आपल्या भागाला, धन टोक टाकाऊला, आणि हे काम उघड्यावरच करायचं कारण हायड्रोजन निघतो. स्टेनलेसचा तुकडा मात्र टाकाऊ म्हणूनही वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. जॉन डियर घेतला असेल तर बॉनेटचा हिरवा रंग खरवडताना सावकाश. १९६९ पासून थोडी वर्षं कंपनीने पांढरे ट्रॅक्टर काढले होते, त्यांचं बॉनेट आणि सीट पिवळं, लाल, नारिंगी किंवा निळं. लोकांना ते फारसे रुचले नाहीत, आणि काही डीलरांनी ते हिरवे करून विकले असं जुनी मंडळी सांगतात. खाली निळा थर लागला तर पॉलिश पेपर खाली ठेवा, तो मूळचा रंग असू शकतो.

मग लॉन ट्रॅक्टरला हात लावायचा नाही का? माझं मत तसं नाही. नुसतं गवत कापायचं असेल तर तोच घ्यावा. गार्डन ट्रॅक्टर सहज सहाशे-सातशे पौंडांचा धूड, पावसाळी हिरवळीवर चाकांचे चर पाडतो आणि झाडाभोवती वळताना जीव काढतो. लॉन ट्रॅक्टर साडेतीनशे-चारशे पौंडांचा, चटकन वळतो. शिकायलाही बरा: कार्ब्युरेटर साफ करणं, प्लग, पट्टे, पाती, डेकची बेअरिंग, सगळं त्याच्यावर हात बसेपर्यंत करता येतं, आणि बिघडलं तर हळहळ कमी. पण पूर्ण खोलून, सँडब्लास्ट करून, दोन हिवाळे घालून त्याचं पुनरुज्जीवन करू नका. वरून आरशासारखा चमकेल आणि खाली तोच पाऊण इंची अ‍ॅक्सल राहील.

माझा पहिला अजून आहे. त्याला दुसऱ्या एका मोडीतल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स बसवला. ऑक्टोबरात मेपलची पानं पडली की मागे गाडा लावून ती गोळा करतो, याहून जड काही त्याला सांगत नाही. नांगर दुसऱ्याकडे. आणि कुणी जाहिरातीचा दुवा पाठवून "हा घेऊ का?" विचारलं की मी इंजिनाचा व्हिडिओ बघतच नाही. विकणाऱ्याला सांगा, म्हणतो, मागच्या चाकाचा जवळून एक फोटो पाठव, टोपी काढून.