वजन उचलल्याने गर्भ वारंवार पडतो का?

'बाईने जिने चढले, वजन उचललं, म्हणून गर्भ राहत नाही' हा समज फार जुना आहे. दुःखाच्या वेळी माणूस कारण शोधतो, त्यामुळे तो पटतोही.

पण पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं. तो बहुतेकदा बीजांड तयार होताना किंवा गर्भधारणेच्या सुमारासच, योगायोगाने घडतो. जिन्याचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय गर्भाची वाढ अनेकदा रक्तस्राव सुरू होण्याआधीच थांबलेली असते. म्हणजे 'काल बादली उचलली' हा हिशेब मुळातच चुकतो.

दोन-तीनदा असं झालं, तर तपासणी करून घ्यावी. पडलेल्या गर्भाच्या ऊतींची गुणसूत्र तपासणी, गर्भाशयात पडदा आहे का हे पाहणारी सोनोग्राफी, थायरॉइड, आणि रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची चाचणी. ही शेवटची एकदा करून भागत नाही, किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात. दोन्ही वेळा ही प्रतिपिंडं आढळली तर उपचारही आहेत. गरजेनुसार नवऱ्याचीही गुणसूत्रं तपासतात, हे मात्र घरात कुणी बोलत नाही!

बऱ्याच जोडप्यांत काहीच सापडत नाही. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे विशेष उपचारांशिवाय मूल होतं.