मकरसंक्रांतीची तारीख

मकरसंक्रांत म्हणजे सूर्य निरयन (स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) मकर राशीत प्रवेश करतो तो दिवस. आपले बहुतेक सण तिथीवर येतात; हा सौर गणितावर येत असल्यामुळे तो १४ जानेवारीला कायमचा बांधलेला आहे असे वाटते. त्यातूनच दोन समज घट्ट रुजले : संक्रांतीला उत्तरायण लागते, आणि पानिपतचा रणसंग्राम ऐन संक्रांतीला झाला. दोन्ही चुकीचे आहेत. संक्रांत सरकते, हे लक्षात न घेतल्याने दोन्ही निपजले.

निरयन वर्ष सायन (ऋतुचक्रावरून मोजलेल्या) वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. हा फरक साठत जाऊन साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस होतो. ऋतू सायन वर्षाबरोबर चालतात; त्यामुळे सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो आणि संक्रांत मागाहून येते. मुंबईच्या अक्षांशावर तोपर्यंत दिवस सुमारे सात मिनिटांनी वाढलेलाही असतो. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. वाढ संध्याकाळच्या बाजूला पडते. ‘दिवस तिळातिळाने वाढतो’ हे म्हणणे खरे, सुरुवात तेवढी तीन आठवडे आधीची.

उत्तरायणाचा आरंभ आणि संक्रांत या दोन्ही घटना एके काळी एकत्र होत्या, हे निश्चित. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्रापाशी आहे. सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिर तो मकरारंभी सांगतो आणि पूर्वी तो वेगळीकडे होता अशी नोंदही करतो. नेमके वर्ष कोणते, यावर मात्र वाद आहे, कारण राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे धरायचा यावर एकमत नाही. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी ग्रहलाघव या ज्योतिषग्रंथात (शके १४४२) सुटसुटीत रीत दिली : शकातून ४४४ वजा करा, ६० ने भागा, अयनांश (सायन व निरयन आरंभबिंदूंमधले अंतर) मिळतात. म्हणजे दोन्ही एकत्र असण्याचे, शून्य अयनांशाचे वर्ष शके ४४४, इ. स. ५२२ च्या सुमारास. चित्रा ताऱ्यावरून आरंभबिंदू ठरवणाऱ्या चित्रापक्षाने हेच वर्ष इ. स. २८५ च्या आसपास येते. रेवती नक्षत्रातील ताऱ्यावरून तो ठरवणारा रैवतपक्ष ते सहाव्या शतकात नेतो. म्हणून त्या पक्षाच्या टिळक पंचांगात संक्रांत १०-११ जानेवारीलाच असते. ज्योतिषाचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला होता. ऋतूंशी मेळ हीच कसोटी मानली, तर त्यांची बाजू अधिक सबळ ठरते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत पौष १ हा २२ डिसेंबरला येतो, तो याच तत्त्वाने. घरोघरचे सण मात्र निरयनच राहिले.

इंग्रजी तारीख सरकण्यात लीप वर्षांचीही भर पडते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. १९०० हे लीप वर्ष नसल्याने तारीख एका दिवसाने पुढे गेली. २००० लीप असल्याने तशी उडी पडली नाही. हल्ली सण १४ व १५ असा आलटून पालटून येतो (२०२४ मध्ये १५, २०२५ मध्ये १४).

हाच हिशेब मागे नेला की पानिपतचा प्रश्न सुटतो. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवारी झाली. त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास, म्हणजे लढाईच्या सुमारे चार दिवस आधी, होऊन गेली होती. विसाव्या शतकात अंगवळणी पडलेली १४ तारीख मागच्या काळाला लावल्यामुळे ही गफलत झाली असावी.

‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतवरून आला असे सांगतात. पंचांगातील संक्रांतिफलाशी त्याचा मेळ जास्त बसतो. तेथे संक्रांत ही देवी असून तिचे वाहन, वस्त्र, हातातील शस्त्र, ती कोठून आली व कोठे पाहते, हे दरवर्षी दिलेले असते. तिने ज्या रंगाचे वस्त्र नेसले, तो रंग त्या वर्षी हळदीकुंकवाला टाळतात. तिने जे घेतले ते महागते अशी समजूत आहे. तिची दृष्टी जिकडे, तिकडे अरिष्ट.