नागरी उत्सव व सामाजिक समावेशन, पुणे

जात, धर्म, लिंग, वय, अपंगत्व किंवा गरिबी यांमुळे नगरजीवनाच्या कडेला राहिलेल्या समाजगटांना सार्वजनिक जीवनात वाटा मिळावा म्हणून पुणे महानगरपालिका उत्सव, जयंत्या, मेळावे, प्रदर्शने व स्पर्धा यांचा जो उपयोग करते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. हे काम एका खात्याकडे नाही. समाज विकास विभाग (पूर्वीची नागरवस्ती विकास योजना), उद्यान विभाग, नाट्यगृहांचे व्यवस्थापन, शिक्षण विभाग आणि क्षेत्रीय कार्यालये यांच्यात ते विखुरलेले आहे. परिणामी त्याची एकत्रित माहिती कुठेच सापडत नाही व अभ्यासकाला अंदाजपत्रकाच्या निरनिराळ्या शीर्षांखाली ती शोधावी लागते.

कायदेशीर आधार : पुणे नगरपालिकेची महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी झाली. तिचा कारभार १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने (आताचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) चालतो. या अधिनियमात पाणी, सांडपाणी, रस्ते ही बंधनकारक कर्तव्ये कलम ६३ मध्ये आहेत, तर उत्सव-समारंभांसारख्या बाबी कलम ६६ च्या ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. पैशाची ओढाताण झाली की ऐच्छिक बाबींना आधी कात्री लागते, हे ओघानेच आले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अपंगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण (बाब ९) आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाजूंचे संवर्धन (बाब १३) ही दोन कामे वेगवेगळी नोंदलेली आहेत. ती एकमेकांना जोडावीत असे अनुसूची सांगत नाही. पुण्यात ती जोडली गेली ती रूढीने. राज्य शासनाच्या निर्देशांनुसार महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी अंदाजपत्रकात राखून ठेवायच्या निधीतून मेळावे व प्रशिक्षणे यांचा काही खर्च भागतो.

पूर्वपीठिका : लोकांना एकत्र आणण्यासाठी नगराने पैसा खर्च करावा का, हा वाद पुण्यात जुना आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. ही मुदत काही चरित्रकार १८८२ पर्यंत, तर काही १८८३ पर्यंत देतात. व्हाइसरॉय लिटन याच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याच्या ठरावाला त्यांनी विरोध केला, ती रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी असे सुचवले आणि बत्तीस सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचेच पडले, अशी हकीकत चरित्रांतून येते. प्रसंगाचे वर्ष १८८० दिले जाते. मात्र लिटन जून १८८० मध्ये पायउतार झाला होता. त्यामुळे हा प्रसंग वर्षाच्या अखेरीस घालणारे उल्लेख तसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. तो वर्षाच्या पूर्वार्धातला मानणे, किंवा स्वागत दुसऱ्या कोणाचे असावे असे मानणे, हे दोनच पर्याय उरतात. मंडईची इमारत बांधण्यावरील खर्चालाही फुल्यांचा विरोध होता. १८८६ मध्ये उभी राहिलेली ती रे मार्केटची वास्तू आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.

सण-समारंभाचा आधार न घेता, केवळ प्रवेश खुला करून समावेशन साधण्याचे उदाहरणही फुल्यांचेच आहे. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी मोकळा केला. बहुतेक चरित्रकार या घटनेसाठी १८६८ हे साल देतात. पुढे १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सुरू झालेला पर्वती मंदिर सत्याग्रह हा त्याच मागणीचा सार्वजनिक आविष्कार होय. शिवराम जानबा कांबळे व पां. ना. राजभोज हे त्याच्या प्रमुख नेत्यांपैकी होते.

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभाचा प्रश्न : महापालिकेचा आजचा सर्वांत मोठा वार्षिक सहभाग गणेशोत्सवात असल्यामुळे त्याच्या आरंभाचा वाद महापालिकेलाही टाळता आलेला नाही. सरदार कृष्णाजीपंत खासगीवाले यांनी ग्वाल्हेरला दरबारी थाटाचा गणेशोत्सव पाहिला व परतल्यावर तो पुण्यातील मित्रांना सांगितला, एवढ्यापर्यंत बहुतेक वृत्तांत जुळतात. पुढे फाटे फुटतात. एका मताने भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्येच सार्वजनिक गणपती बसवला. दुसऱ्या मताने खासगीवाले, घोटवडेकर व रंगारी यांचे गणपती १८९३ मध्ये बसले आणि त्याच सप्टेंबरात लोकमान्य टिळकांच्या केसरीने या उपक्रमाचे स्वागत केले. तिसरे मत उत्सवाला व्यापक व संघटित रूप आले ते १८९४ हेच वर्ष महत्त्वाचे मानते. मानाच्या पाच गणपतींतील गुरुजी तालमीची परंपरा तर १८८७ इतकी मागे नेली जाते आणि एका हिंदू व एका मुस्लिम कुटुंबाने मिळून तो बसवला असे सांगितले जाते. संस्थापकांची नावे मात्र निरनिराळ्या वृत्तांतांत निरनिराळी येतात.

या मतभेदाचे मूळ बरेचसे व्याख्येत आहे. वाड्याबाहेर किंवा तालमीत बसवलेला गणपती म्हणजे सार्वजनिक उत्सव धरला, तर तारीख मागे जाते. अनेक गणपतींची एकत्र मिरवणूक आणि वृत्तपत्रांतून झालेला पुरस्कार ही कसोटी लावली, तर १८९३–९४ च्या अलीकडे-पलीकडे जाता येत नाही. उपलब्ध समकालीन छापील साधने दुसऱ्या कसोटीला अधिक अनुकूल आहेत. अर्थात, रंगारी यांच्या वाट्याला पुढच्या लेखनात गौण स्थान आले, ही तक्रारही निराधार म्हणता येत नाही.

महापालिकेने २०१७ मध्ये उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे केले, तेव्हा १८९३ ही तारीख तिने आपोआपच मान्य केली. भाऊसाहेब रंगारी गणपती ट्रस्टने आक्षेप घेतला : १८९२ पासून मोजले तर ते वर्ष १२६ वे ठरत होते. बोधचिन्हावर कोणाचे चित्र असावे, इथपर्यंत वाद गेला. सर्वांना एकत्र आणण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमानेच संस्थापकत्वाची भांडणे रस्त्यावर आणावीत, याला पुण्यात कोणी फारसे आश्चर्य मानले नाही.

समावेशनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. १८९३ च्या मुंबईतील दंगलीपूर्वी पुण्यातील हिंदू मोठ्या संख्येने मोहरमच्या ताबुतांत सहभागी होत. १८९४ पासून हा सहभाग झपाट्याने घटला आणि त्याची जागा गणेशोत्सवाने घेतली, असे काही इतिहासकार मानतात. म्हणजे जातीजातींना जवळ आणणाऱ्या उत्सवाने धर्माधर्मांतील एक जुना सामाईक प्रसंग बाजूला सारला. जातींच्या बाबतीतही चित्र सरळ नव्हते. १९२२ च्या सुमारास केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या छत्रपती मेळ्याने (उत्सवात गाणी सादर करणाऱ्या पथकाने) ब्राह्मणेतरांची बाजू गाण्यांतून मांडली आणि गणेशोत्सवातले मेळे परस्परांवर तुटून पडू लागले. १९२५ मध्ये जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला, तोही या संघर्षाचाच भाग होता. ठराव फेटाळला गेला.

महापालिकेची आजची भूमिका : गणेशोत्सवात महापालिका आयोजक कमी आणि यजमान अधिक असते. विसर्जन मिरवणुकीचा आरंभ मंडईतील टिळक पुतळ्यापासून, महापौरांच्या हस्ते मानाच्या पहिल्या कसबा गणपतीच्या पूजनाने होतो. अलका टॉकीज चौकात महापालिकेच्या मंडपातून मंडळांना श्रीफळ देऊन त्यांचे स्वागत होते. मंडपाचे परवाने, विसर्जन हौद, फिरती स्वच्छतागृहे, दिवे ही सारी कामे तिचीच. घाटांवर निर्माल्य वेगळे गोळा करण्याचे काम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद करतात. महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलणाऱ्या या संस्थेतील बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील आहेत. ज्या मिरवणुकीकडे त्यांनी पूर्वी फक्त पाहायचे, तिथे त्या आता ओळखपत्र लावून उभ्या असतात. हे समावेशन की श्रमविभागणीची जुनी रेघ नव्या गणवेशात, यावर कार्यकर्त्यांत एकमत नाही. तृतीयपंथीयांचे 'शिखंडी' ढोलताशा पथक २०२४ मध्ये पुण्यात वाजले, ते महापालिकेच्या योजनेतून नव्हे, स्वतःच्या हिमतीवर. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा शहरातील मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस पुढे ढकलला. तो निर्णयही समाजाचाच होता.

आषाढी वारीत हाच यजमानपणा अधिक सहज दिसतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे स्वागत कळसला, तुकाराम महाराजांच्या पालखीचे बोपोडीला होते. मुक्काम अनुक्रमे भवानी पेठेतील पालखी विठोबा व नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात असतो. महापालिकेच्या शाळा त्या दिवसांत वारकऱ्यांचे मुक्कामाचे ठिकाण होतात. गावोगावचा गरीब शेतकरी आणि शेतमजूर या शहराचा अधिकृत पाहुणा ठरतो, असा हा वर्षातला बहुधा एकमेव प्रसंग आहे. त्यासाठी भाषणांपेक्षा पाण्याचे टँकर व दवाखाने अधिक लागतात.

जयंत्या व स्मारके : महात्मा फुले (११ एप्रिल), डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१४ एप्रिल), अण्णाभाऊ साठे (१ ऑगस्ट), लहुजी साळवे (१४ नोव्हेंबर) व सावित्रीबाई फुले (३ जानेवारी) यांच्या जयंत्यांना महापालिका पुतळ्यांच्या व स्मारकांच्या ठिकाणी सोयी पुरवते आणि अभिवादनाचे कार्यक्रम करते. गंज पेठेतील फुलेवाडा, त्याजवळचे सावित्रीबाईंचे स्मारक व सारसबागेजवळचा अण्णाभाऊंचा पुतळा ही त्यांची मुख्य ठिकाणे. फुले दांपत्याने मुलींची शाळा जिथे काढली, त्या भिडेवाड्याची जागा महापालिकेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर ताब्यात घेतली. मातंग, बौद्ध व माळी समाजांतील तरुणांना महापालिकेच्या इमारतीशी नाते जुळवण्याची वाट अनेकदा या जयंत्यांच्या बैठकांतूनच सापडते, असे वस्तीपातळीवर काम करणारे सांगतात.

नाट्यगृहे व सभागृहे : प्रस्तुत विषयात महापालिकेचा सर्वांत टिकाऊ वाटा इथे मानावा लागेल. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली व २६ जून १९६८ रोजी ते खुले झाले. तेव्हापासून तिथे शास्त्रीय संगीत, व्यावसायिक नाटके आणि लावणी यांना एकाच रंगमंचावर तारखा मिळत आल्या आहेत. तमाशाच्या कनातीत पाऊल न टाकलेल्या मध्यमवर्गीय स्त्रियांनी लावणी पाहिली ती याच रंगमंदिरात, बऱ्याचदा 'फक्त महिलांसाठी' ठेवलेल्या खेळांना. लोककलावंतांसाठी पठ्ठे बापूराव यांच्या नावाचा पुरस्कार महापालिका देते. पेठांबाहेर बिबवेवाडीचे अण्णाभाऊ साठे सभागृह, वानवडीचे महात्मा फुले सांस्कृतिक भवन, औंधचे पंडित भीमसेन जोशी कलामंदिर, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह व मंगळवार पेठेतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन उभी राहिली. शाळांची स्नेहसंमेलने, ज्ञातिमेळावे, धम्म परिषदा, वधू-वर मेळावे यांना परवडेल अशी जागा मिळणे ही बाब कोणत्याही महोत्सवापेक्षा अधिक माणसांपर्यंत पोहोचते. भाडेदर, तारखांचे वाटप आणि अपंगांना रंगमंचापर्यंत नेणारा उतार हे त्यामुळे समावेशनाचे खरे प्रश्न ठरतात. त्यांची चर्चा मात्र कलावंतांच्या गाऱ्हाण्यांपुरती राहते.

ज्येष्ठ, स्त्रिया व अपंग : ज्येष्ठांसाठी प्रभागांतून विरंगुळा केंद्रे आहेत. महिला बचत गटांच्या मालाची प्रदर्शने बहुधा दिवाळीच्या तोंडावर भरतात. ८ मार्च (महिला दिन) व ३ डिसेंबर (जागतिक अपंग दिन) या दिवशी मेळावे होतात.

पादचारी दिन : ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला व पुढे तो दरवर्षी चालू ठेवला. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले होते. हा उपक्रम त्याचे जाहीर प्रात्यक्षिक होय. येथे कोणत्याही जातीचा वा धर्माचा उल्लेख नाही, प्रवेशिका नाही, सत्कार नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई आणि खरेदीला आलेली आजी यांना एरवी दुचाक्यांनी व्यापलेला रस्ता त्या दिवशी मिळतो. दुकानदारांचा विरोध व दुसऱ्या दिवशी पूर्ववत होणारी गर्दी यांमुळे त्याच्या परिणामाबद्दल शंका घेतल्या गेल्या, तरी खर्चाच्या मानाने व्याप्ती पाहता महापालिकेने स्वतः आखलेल्या उपक्रमांत याला वरचे स्थान द्यावे लागते.

मर्यादा : प्रभागातील हळदी-कुंकू, दिवाळी पहाट, आरोग्य शिबिर अशा कार्यक्रमांत महापालिका कुठे संपते आणि नगरसेवकाची प्रसिद्धी कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड असते. १४ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपून प्रशासकीय राजवट आल्यावर अशा कार्यक्रमांना मिळणारे महापालिकेचे बळ कमी झाले, पण फलक कमी झाले नाहीत. माजी व भावी लोकप्रतिनिधींनी ते स्वखर्चाने चालू ठेवले. २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली (पैकी उरुळी देवाची व फुरसुंगी पुढे वेगळी झाली). या भागात सार्वजनिक जीवनाचे केंद्र अजून ग्रामदैवताची जत्रा हेच आहे. तिथे गावकीच्या मानकऱ्यांबरोबर नव्या गृहसंकुलांतील रहिवासी आणि बांधकामावरचे परप्रांतीय मजूर यांना कितपत जागा मिळते, यावर छापील साहित्य तुरळक आहे. जत्रेच्या दिवशी महापालिकेचा संबंध येतो तो मुख्यतः कचऱ्याची गाडी व पाण्याचा टँकर यांच्यापुरता.