कॅल्क्युलेटरचं शून्य

२क्ष·कॉस(क्ष²) याचं इंटिग्रेशन ऑनलाइन कॅल्क्युलेटरला विचारा. क्षणात उत्तर येतं: साइन(क्ष²) अधिक स्थिरांक. आत जे घडतं ते आपण वहीत करतो तेच. क्ष² ला य म्हणायचं. त्याचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे २क्ष, बाहेर आयतंच बसलेलं आहे. ते नव्या चलात जिरतं आणि उरतं नुसतं कॉस(य). एमआयटीत जोएल मोझेस यांनी १९६७ साली तयार केलेला ‘सिन’ हा इंटिग्रेशन करणारा प्रोग्रामही सगळ्यात आधी हेच बघायचा, आतल्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह शेजारी सापडतंय का. बाकीच्या युक्त्या त्यानंतर.

आता तो २क्ष पुसून टाका. उरलेलं कॉस(क्ष²) आणखी सोपं दिसतं, पण उत्तरात ‘फ्रेनेल’ असं अनोळखी नाव उमटतं; ते याच इंटिग्रलला दिलेलं नाव. यंत्र हरलं असं वाटतं. खरं तर साइन, लॉग, घातांक यांची कितीही जुळवाजुळव केली तरी हे उत्तर त्यांत बसतच नाही. असली अशक्यता सिद्ध करण्याचा पाया फ्रेंच गणिती ल्यूव्हिल यांनी १८३० च्या दशकात घातला. तेव्हा इथे ‘य’ शोधत रात्र घालवू नये.

खरी फसगत वेगळीच. १/(२ + कॉस क्ष) हे फंक्शन घ्या, ० ते २π. छेद १ ते ३ मध्येच फिरतो, म्हणजे फंक्शन कुठेही १/३ च्या खाली जात नाही. आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजेच हे इंटिग्रेशन, निदान २π/३ = २.०९ तरी हवंच. नेहमीचं सब्स्टिट्यूशन करू: ट = टॅन(क्ष/२). क्ष ० असताना ट शून्य, क्ष २π असताना टॅन π, तोही शून्य. शून्यापासून शून्यापर्यंत इंटिग्रेशन, उत्तर शून्य! पायऱ्या एकेक करून तपासल्या तरी चूक हाती लागत नाही, कारण ती पायऱ्यांमध्ये नाहीच. क्ष = π पाशी ट अनंताला जाऊन उणे अनंताकडून परत येतो आणि आपण तिथून बेधडक पुढे गेलेलो असतो.

इलाज साधा आहे: π पाशी तुकडे पाडा. प्रत्येक तुकडा π/√३, म्हणजे १.८१, दोन्ही मिळून ३.६३. कॅल्क्युलेटरने दिलेल्या इंटिग्रलचा आलेख काढून बघितलात, तर काही वेळा π पाशी रेघ तुटून खाली कोसळलेली दिसते. त्या कड्याची उंची मोजा. तीही ३.६३ च भरते.