तळघराच्या भारवाहक भिंतीची दुरुस्ती

वरच्या मजल्यांचे वजन पायापर्यंत पोहोचवणारी आणि त्याच वेळी बाहेरच्या मातीचा व पाण्याचा आडवा दाब पेलणारी तळघराची भिंत तडकली असता तिची क्षमता पूर्ववत करण्यासाठी केल्या जाणाऱ्या कामास ही संज्ञा लावतात. तडा बुजवणे हा या कामाचा एक भाग, आणि तोही बहुधा शेवटचा, असतो. नागपुरातील महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांतील विटा-चुन्याच्या घरांत जाड भिंतीच सर्व भार वाहतात. उलट आरसीसी सांगाड्याच्या घरात तो खांबांवर असतो आणि तळघराची वीटभिंत अनेकदा केवळ माती अडवते. म्हणून भिंत कोणत्या प्रकारची आहे हे आधी ठरवावे लागते.

नागपूर दख्खनच्या बेसाल्टी पठाराच्या पूर्व कडेवर वसले असून सीताबर्डीची टेकडी याच खडकाची आहे. बेसाल्ट झिजून-फुटून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारे खनिज असते. त्यामुळे ही माती पावसाळ्यात फुगून भिंतीवर रेटते आणि मे महिन्यात पारा 45° से.पर्यंत चढला की आकसून भेगाळते. घराच्या एका कोपऱ्याखाली मुरूम आणि दुसऱ्याखाली काळी माती असल्यास पाया असमान खचतो. भर उन्हाळ्यात भिंतीलगत ठेवलेल्या कूलरच्या टाकीची गळती हे कारण क्षुल्लक वाटते. पण सुकलेल्या मातीचा तेवढाच भाग त्या पाण्याने फुगतो आणि नेमका तेथेच पाया उचलला जातो.

तड्याच्या दिशेवरून कारणाचा अंदाज बांधता येतो. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा तिरपा चढणारा तडा असमान खचणे दर्शवतो, तर केसासारखी उभी भेग बहुधा आकुंचनाची व निरुपद्रवी असते. भिंतीच्या साधारण मध्यउंचीवर आडवा गेलेला आणि आतल्या बाजूस फुगवटा असलेला तडा मात्र सर्वांत धोक्याचा होय. बाहेर 2 मी. उंचीपर्यंत पाणी साचले, तर तळाशी दर चौ. मीटरला सुमारे 2,000 किग्रॅ. दाब येतो, भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवरील एकूण रेटा सुमारे 2 टन होतो, आणि ओल्या मातीचा रेटा त्याशिवाय असतो.

23 सप्टेंबर 2023 रोजी पहाटेच्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा पुरानंतर तळघर एकदम उपसणे घातक ठरते, कारण आतले पाणी भिंतीला आधार देत असते आणि बाहेरची माती अजून चिंब असते. पहिल्या दिवशी सुमारे 30 सेंमी. पाणी उपसून भिंतीवर पातळीची खूण करावी, आणि रात्रभरात पाणी पुन्हा खुणेवर चढले तर उपसा थांबवावा, ही सुरक्षित रीत आहे.

तडा जिवंत आहे की थांबलेला, हे पाहण्यासाठी त्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवतात व शेजारी तारीख लिहितात. काच तडकली की हालचाल चालू आहे असे समजावे. काळ्या मातीवरील घरात हे निरीक्षण एका उन्हाळ्यापासून पुढचा पावसाळा संपेपर्यंत करावे, कारण मे महिन्यात रुंदावलेला तडा ऑगस्टमध्ये मिटलेला दिसू शकतो. भिंत फुगली असेल किंवा तडा झपाट्याने वाढत असेल, तर मात्र वाट न पाहता वरच्या तुळया व स्लॅबला टेकू देऊन संरचना अभियंत्यास बोलवावे.

प्रत्यक्ष काम बाहेरून सुरू होते. पागोळ्यांचे आणि न्हाणीचे पाणी दूर वळवतात, भिंतीलगतची काळी माती काढून मुरूम भरतात, तळाशी खडीत सच्छिद्र पाइप टाकतात आणि घराभोवती बाहेर उतरता फरशीचा पट्टा करतात. खोदाई कोरड्या महिन्यांत आणि तुकड्या-तुकड्यांनी करावी. पाया खचला असल्यास त्याखाली सुमारे 1 ते 1.2 मी. लांबीचे, एकमेकांना न लागणारे खड्डे आळीपाळीने घेऊन काँक्रीट भरतात. ते घट्ट झाल्यावर जुन्या पायाखालची फट कोरड्या सिमेंट-वाळूने ठासतात.

त्यानंतर तडा भरला जातो. त्याच्या रेषेवर ठरावीक अंतराने निपल (लापशी आत सोडण्याच्या छोट्या नळ्या) बसवून मधली भेग लिंपतात आणि सर्वांत खालच्या निपलमधून कमी दाबाने सिमेंटची लापशी सोडतात. ती वरच्या निपलमधून डोकावली की खालचे बंद करून वर सरकतात. अरुंद, कोरड्या व थांबलेल्या तड्यांना ईपॉक्सी ही कडक होणारी राळ चालते, पाझरणाऱ्यांना पॉलियुरेथेन ही दुसरी राळ. तड्याला छेदून सांध्यांत आडव्या सळया पुरल्याने दोन्ही बाजू पुन्हा एकजीव होतात. अधिक दुर्बल भिंतीला आतून सळयांच्या जाळीवर काँक्रीटचा थर देतात, फार फुगलेला भाग टेकूवर घेऊन नव्याने बांधतात. चुन्याच्या जुन्या भिंतीवर कडक सिमेंटचा गिलावा करणे ही नेहमीची चूक आहे: ओल आत कोंडते, विटा झिजतात आणि वर्षा-दोन वर्षांत गिलावा पोकळ वाजू लागतो. तेथे चुना-सुरखीच (सुरखी म्हणजे विटांची पूड) वापरावी.