एसएसडी जोडणीतील दोष

संगणकाला जोडलेली एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) फार सावकाश चालणे, फाइल उतरवताना अडकणे किंवा मध्येच दिसेनाशी होणे, यांना जोडणीतील दोष म्हणतात. अशा वेळी ड्राइव्ह पुष्कळदा धडधाकट असते. खोट केबल, पोर्ट, केसिंगमधील ब्रिज चिप (ड्राइव्ह आणि यूएसबी यांना जोडणारी चिप) किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची सेटिंग यांत असते. ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी घरातील जुन्या मैफलींच्या कॅसेट अशा ड्राइव्हवर उतरवलेल्या असतील, तर तपासाला हात घालण्याआधी दुसरीकडे प्रत करून ठेवावी, कारण झिजलेली फीत पुन्हा तशीच वाजेल याची खात्री नसते.

तपास केबलपासून सुरू करावा. यूएसबी 2.0 ची मर्यादा सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम 40 मेगाबाइट असते, तर यूएसबी 3.0 ची 5 गिगाबिट; त्यामुळे 2.0 च्या केबलवर 40 गिगाबाइट ध्वनिमुद्रणाला दोन मिनिटांऐवजी सुमारे सतरा मिनिटे लागतात. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या अनेक टाइप-सी केबल 2.0 च्याच असतात. यूएसबी 3.0 च्या टाइप-ए प्लगमध्ये पाच जादा संपर्कपट्ट्या असतात. त्यांवर धूळ बसली तर जोडणी तुटत नाही, मुकाट्याने 2.0 वर उतरते, आणि म्हणूनच हा दोष सहसा ध्यानात येत नाही.

लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी -टी’ (lsusb -t) ही आज्ञा दिल्यास ड्राइव्हसमोर 480एम किंवा 5000एम असा आकडा दिसतो. मॅकवर हीच माहिती सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये मिळते. काही ब्रिज चिपचे यूएएस या यूएसबीवरून ड्राइव्हशी जलद देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीशी जमत नाही. लिनक्समध्ये त्या उपकरणापुरती ती बंद केल्यास वेग थोडा घटतो, पण जोडणी टिकते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) क्रमांक 129 ची नोंद वारंवार दिसली, तर ड्राइव्ह वेळेत उत्तर देत नसल्याने तिला रीसेट करावे लागते आहे, असे समजावे.

ग्वाल्हेरच्या मे-जूनमधील उन्हाळ्यात, पारा 45 अंशांजवळ असताना, लहानशा केसिंगमधील एनव्हीएमई ड्राइव्ह (एसएसडीचा वेगवान प्रकार) तापते आणि तिचा कंट्रोलर स्वतःहून वेग उतरवतो. हा बिघाड नव्हे. पंख्याखाली ठेवून पुन्हा मोजावे. मोठी फाइल लिहिताना कॅशे, म्हणजे ड्राइव्हमधील जलद तात्पुरती जागा, भरल्यावर येणारी मंदीही तशीच.

साटा जोडणीच्या ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदींत (ड्राइव्हने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेल्या नोंदींत) 199 क्रमांकाखाली सहसा सीआरसी त्रुटी, म्हणजे केबलमधून माहिती जाताना झालेल्या चुका, मोजल्या जातात. हा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही. तो लिहून ठेवावा आणि आठवड्याने वाढला आहे का, तेवढे पाहावे.